लाम बाईंचा गुरुवार

शुभा,

काल संध्याकाळी लाम बाईंच्या केनचा फोन आला. आधी माझी चौकशी झाली. जेवतोस का, ऑफिसला जायला लागलास का. मग जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅक, एक रिक्वेस्ट आहे. ममला अजून सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलंय की शुभा इंडियाला गेलीये, तिच्या मदरकडे, आराम करायला. तू पण तेवढंच सांग. तिला कळलं तर ती पुन्हा खायचं सोडेल."

म्हणजे तू सध्या नागपूरला आहेस म्हणे.

मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून तुझ्यावर चिडून बसलोय. हो, तुझ्यावरच. किती वेळा सांगितलं होतं की ही बाई तुझ्या जिवावर जेवते, उद्या तू नसलीस तर काय करणार? माझ्या डोक्यात तेव्हा फार तर तुझी बदली होती. तू हसायचीस आणि म्हणायचीस, "तुला काय समजते रे पुण्याच्या माणसाला जेवणातलं? तुम्ही तर पाहुण्याला दारातच विचारता, जेवून आला असाल नं?" आपलं प्रत्येक भांडण तू त्या एका जोकवर नेऊन संपवायचीस. हे भांडण मात्र संपलेलं नाही. परवा गुरुवार आहे, आणि मला कॉलिंडेलला लाम बाईंकडे जेवायला जायचंय.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असाही निरोप आलाय. लिहायला बसलो. जन्म नागपूर, शिक्षण अमुक, इंग्लंडमध्ये डाएटिशियन, स्वभाव मनमिळाऊ. वाचून पाहिलं आणि फाडून टाकलं. मनमिळाऊ! डोंबलाची मनमिळाऊ. वॉर्डातल्या नर्सेस तुला लांबून बघून जेवणाच्या ट्रॉलीमागे लपायच्या. त्यापेक्षा लाम बाईंचं लिहितो. छापतील तर छापतील. वाचणाऱ्याला कळायला हवं, म्हणून तुला ठाऊक असलेलंही पुन्हा सांगणार आहे. मध्ये टोकू नकोस.

तर लाम बाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे. हाँगकाँगकडच्या एका खेड्यातून तरुणपणी नवऱ्यामागोमाग इंग्लंडला आल्या, आणि केंटमधल्या एका गावात दोघांनी चायनीज टेकअवे चालवला. मुलगा केन इथेच जन्मलेला. नवरा गेल्यावर दुकान विकलं आणि केननं त्यांना कॉलिंडेलला, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं, कारण तिथून चिनी सामानाचं दुकान जवळ. बाईंचं इंग्रजी सगळं काउंटरवरचं. "सॉल्ट व्हिनेगर?" "टेन मिनिट्स!" "ओपन ऑर रॅप?" तेवढ्यावर त्यांनी अख्खा संसार केला.

तुमची गाठ पडली हॉस्पिटलात. खुब्याचं हाड मोडून त्या ॲडमिट झाल्या होत्या आणि फाइलवर लिहिलेलं होतं, जेवण नाकारते. म्हणून तुला बोलावलं. त्या दिवशी घरी येऊन तू नुसती तणतणत होतीस. "ऑपरेशन झालेल्या बाईसमोर बर्फाचं पाणी अन् थंडगार चीज सँडविच ठेवून राहिले! अन् वरून लिहितात, रिफ्यूज्ड. अरे, आपण बाळंतिणीला गार पाणी देतो का?" दुसऱ्या दिवशी तू घरून थर्मास घेऊन गेलीस. त्यात काय होतं? नुसतं गरम पाणी. बाईंनी कप दोन्ही हातांत धरून सावकाश सगळं पाणी प्यायलं आणि मग ट्रेमधल्या भाताकडे पहिल्यांदा बघितलं. केन मला नंतर सांगत होता, त्या संध्याकाळी मम त्याला म्हणाली होती, इथे एक शहाणी बाई आहे, इंडियन आहे पण शहाणी आहे.

तुम्ही दोघी बोलायचात कशा, हे बघायला तिकीट लावायला हवं होतं. तू नोकियावरून केनला फोन लावायचीस, एक वाक्य त्याला इंग्रजीत सांगायचीस, मग फोन बाईंच्या कानाला. बाई त्यात ओरडून कॅन्टोनीज बोलायच्या, मग फोन तुझ्या कानाला. केन बिचारा कामावर. तो एकदा मला म्हणाला, "मॅक, माझ्या बॉसला वाटतं की मला दोन बायका आहेत."

हाड जुळलं, बाई घरी आल्या. आता वजन वाढायला हवं होतं, पण ते उतरायला लागलं. दुपारी एक केअरर मुलगी यायची आणि मायक्रोवेव्हमध्ये जेवण गरम करून द्यायची. शेपर्ड्स पाय, म्हणजे खिम्यावर बटाट्याचा थर, नाहीतर मॅश आणि सॉसेज. बाई सगळं संपवतात, असं ती सांगायची. शिवाय डॉक्टरांनी ते दुधाचे ताकदीचे शेक लिहून दिलेले. तुझी पद्धत ठरलेली होती. पेशंटच्या घरी गेलीस की फ्रिज नंतर, आधी कचऱ्याचा डबा. शेपर्ड्स पाय डब्यात होता, किचन पेपरमध्ये नीट गुंडाळून, अन्न टाकलेलं कोणाला दिसू नये म्हणून. आणि शेकचे खोके सिंकखालच्या कपाटात, एकही न फोडलेला. दूध बाईंना पचतच नव्हतं. पण डॉक्टरांनी दिलेली वस्तू परत कशी करायची, त्यांना वाईट वाटेल. मी हे ऐकून हसलो, तर तू माझ्यावर उखडलीस.

"हसतोस काय? ती उपाशी मरून राहिली इथं. लंडनमध्ये, हीटिंग असलेल्या फ्लॅटमध्ये. अन् जो तो मला सांगते, चायनीज लोक बारीकच असतात."

त्या वाक्याचा तुला किती राग होता! डॉक्टर म्हणाले, बारीकच असतात. केअरर म्हणाली, बारीकच असतात. केनसुद्धा एकदा म्हणाला. बाईंच्या हातात जेडची बांगडी होती, लग्नापासून कधी मनगटातून निघाली नव्हती म्हणे. ती आता हात वर केला की कोपराकडे घसरायची. तू टेपनं दंड मोजायचीस आणि मग ती बांगडी हळूच खाली आणून मनगटावर ठेवायचीस. मोजण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तू ते दर वेळी करायचीस.

मग सोशल वर्कर बाई आल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. एकटी राहणारी म्हातारी, वजन उतरतंय, पुन्हा पडली तर? ख्रिसमसपर्यंत सुधारणा दिसली नाही तर केअर होम, असं ठरलं. जवळच्या होममध्ये कॅन्टोनीज समजणारं एक माणूस नव्हतं आणि ताटात रोज बटाटा. बाईंनी केनला एवढंच सांगितलं, ने, पण तिथे मी फार दिवस राहणार नाही. केननं हे आपल्या घरी, आपल्या सोफ्यावर बसून सांगितलं. तू त्याच्या हातात चहा दिलास आणि म्हणालीस, "ख्रिसमसला वेळ आहे." तो गेल्यावर मला म्हणालीस, "फारसा नाहीये."

तेव्हा मी तुला एक आयडिया दिली होती. तुझ्या बॅगेत ती बिनचवीची पावडर असायची. मी म्हटलं, ढवळ की सूपमध्ये, तिला कळणारही नाही. इंजिनियरचं डोकं, प्रॉब्लेम सुटला की झालं. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी जागच्या जागी गार.

"ती काय दीड वर्षाचं पोर आहे, चिऊकाऊ करून भरवायला? चांगल्या शहाण्या माणसाला फसवून खाऊ घालायचं? मी विचारीन तिला. हो म्हणाली तर घालीन."

आणि विचारलंस. बाईंनी डबा हुंगला, नाक मुरडलं आणि "नो" म्हणाल्या. झालं, पावडर परत बॅगेत. मला तेव्हा वाटलं, काय हा हट्टीपणा, एका माणसाच्या घराचा प्रश्न आहे आणि हिला तत्त्वं सुचतायत. भांडलो आपण त्यावरून. ते भांडणसुद्धा अर्धवटच राहिलं, दूध उतू गेलं म्हणून.

आता तुझी चूक सांगतो. तूच हसून सगळ्यांना सांगायचीस, म्हणून लिहायला हरकत नाही.

पेशंटच्या घरी जायचा तुझा दिवस गुरुवार. आणि गुरुवारी तुझा उपास, दत्ताचा, लग्नाच्याही आधीपासूनचा. तू दुपारी बाईंकडे पोचायचीस, तेव्हा टेबलावर दोन बोल मांडलेले असायचे. सूप, वाफवलेला मासा, भात. तू हात जोडून सांगायचीस, आज माझा फास्ट. बाई मान डोलवायच्या. त्यांनाही उपासतापास ठाऊक होते, चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी त्या मांसमच्छी खात नसत. त्या दोन्ही बोलवर बशा झाकायच्या आणि हातानं खूण करायच्या, नंतर खाईन. तू खुश. घरी येऊन म्हणायचीस, "किती धार्मिक आहे रे ती, आपल्यासारखीच." मग केनच्या फोनवरून अर्धा तास प्रवचन. अंडी खा, मासे खा, दोन जेवणांच्या मध्ये काहीतरी तोंडात टाका. बाई सगळं ऐकून घ्यायच्या. पुढच्या गुरुवारी वजन आणखी कमी.

एकदा गुरुवारी तुझं ट्रेनिंग निघालं, म्हणून तू बुधवारी गेलीस. उपास नव्हता. बाईंनी सूप पुढे केलं, तू घेतलंस. आणि बाईंनी तुझ्यासमोर दोन बोल सूप, भात आणि माशाचा अख्खा तुकडा खाल्ला.

त्या दिवशी तू घरी आलीस आणि कोटही न काढता किचनमध्ये उभी राहिलीस. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"मकरंद, माझ्यामुळे उपाशी राहते ती."

मला ओ की ठो कळेना. मग तू समजावलंस. पाहुणा जेवत नसेल तर त्यांच्यात यजमान कसा जेवणार? तू गेल्यावरही त्या बशा निघतच नव्हत्या. पाहुणी उपाशी गेली, आता एकटीनं काय खायचं, म्हणून सगळं डब्यात. जन्मभर दुकान बंद झाल्यावर नवरा, मुलगा, कामाची माणसं, सगळी एका टेबलाभोवती बसून जेवलेली बाई ती. एकटीपुरतं चूल पेटवायची तिला सवयच नव्हती. गुरुवारी पाहुणी येणार म्हणून आठवड्यातून एकदा ती मन लावून रांधायची, आणि पाहुणी हात जोडायची. तू केनला खोदून खोदून विचारलंस, तेव्हा तो कसनुसा होऊन म्हणाला, "मम म्हणते, फूड डॉक्टर स्वतः कधी खात नाही. तिला वाटतं, म्हातारपणी न खाणंच हेल्दी असणार."

तू कपाळावर हात मारून घेतलास. "इतके महिने मी तिला खा खा सांगून राहिली, अन् न खाऊन दाखवून राहिली!"

गुरुवार बदलता येत नव्हता, बाकीच्या पेशंट्सची रांग होती. म्हणून तू उपास सोडलास. मी नास्तिक माणूस, मला काय फरक पडत होता? पण तुझं काहीतरी मोठं जातंय हे दिसत होतं. तू दत्ताच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होतीस. मला गप्प बसवेना. म्हटलं, "काय गं, देवापेक्षा तुझी चायनीज बाई मोठी झाली का?"

तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. "देवाचं वजन उतरून नाही राहिलं," म्हणालीस.

शुभा, त्या क्षणी मला तुझा इतका अभिमान वाटला होता, आणि मी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. आपल्याकडे बायकोचं कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही, म्हणे. कसली डोंबलाची पद्धत! आज करतो. तुझ्याइतकं स्वतःचं काम कळलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. आमच्या स्लाऊच्या ऑफिसात चुका झाकायला मीटिंगा घेतात. तू आपली चूक सापडल्याबरोबर आनंदानं ओरडली होतीस, कारण चूक सापडली म्हणजे बाई वाचणार होत्या.

पुढच्या गुरुवारी बाईंनी नेमकं काय केलं असावं? कमळाच्या देठाचं आणि डुकराच्या बरगड्यांचं सूप. तू नागपूरची, मटणावर वाढलेली, पण डुकराला कधी शिवली नव्हतीस. आणि तेही दत्ताच्या वारी! घरी येऊन दोनदा दात घासलेस, आरशात बघून तोंड वाकडं केलंस, आणि मग हळूच म्हणालीस, "चांगलं होतं रे."

तुझ्या बॉसनं विचारलं, पेशंटच्या घरी जेवणं हे प्रोफेशनल आहे का? तू सांगितलंस, माझा लंच अवर आहे, मी तो कुठे खायचा ते मी ठरवीन. नंतर त्यानं विषय काढला नाही.

एकदा तुझी गाडी बंद पडली म्हणून मी सोडायला आलो, तेव्हा तुमचं जेवण याचि डोळां पाहिलं. बापरे! बाईंनी माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा काढून तुझ्या बोलमध्ये ठेवला. तू अर्धा तोडून त्यांच्या बोलमध्ये परत. "नो नो नो!" "यस यस, यू ईट!" पुन्हा तुकडा इकडे, पुन्हा तिकडे. पंगतीत जिलबीचा आग्रह करकरून माणसं आडवी करणारी तू, आणि समोर तुला तोडीस तोड. भाषा एक नाही, आवाज मात्र दोघींचे टिपेला. मी आपला गुपचूप बोलवर हात आडवा धरून बसलो, तर दोघी मिळून माझ्यावर चालून आल्या. त्या दिवशी ऑफिसात मी दुपारभर पेंगत होतो.

आणि वजन थांबलं. मग वाढायला लागलं. पाहुणी जेवणार म्हणून बाई बुधवारी बाजार करायच्या, गुरुवारी रांधायच्या, उरलेलं शुक्रवारी-शनिवारी खायच्या, चांगलं अन्न टाकवत नाही म्हणून. ख्रिसमसला सोशल वर्कर आल्या, तेव्हा बाईंनी त्यांनाही जेवायला बसवलं. केअर होमचा विषय निघालाच नाही. केनचा तुला एसएमएस आला, "शी इज स्टेइंग." तू तो मला दाखवलास, मग फोनवरून तुझ्या आईला वाचून दाखवलास, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडून आलीस.

पण मला चैन नव्हतं. मी म्हणायचो, बाई भुकेनं जेवत नाही, तुझा मान ठेवायला जेवते. तू कायमची का पुरणार आहेस? तूच औषध होऊन बसलीस तर डोस बंद झाल्यावर काय?

तू म्हणायचीस, "भूक म्हणजे काय नळ आहे का, सोडला की आली? एकटं खाऊन खाऊन ती मरून जाते. आधी कोणी तरी सोबत बसावं लागते. मग येते परत."

"आणि नाही आली तर?"

"येईल नं."

वर्षानुवर्षं हेच. येईल नं. पुरावा काय तर तुझं "नं."

पुढचं फार लिहीत नाही. तू जेवत नाहीयेस हे पहिल्यांदा बाईंनी ओळखलं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात केनचा मला ऑफिसात फोन आला. "मम म्हणते, शुभा खात नाहीये. बोलमध्ये घेते, गप्पा मारते, आणि हळूच ममच्या बोलमध्ये सरकवते. मम म्हणते, तिच्या हजबंडला सांग." घरी तर तू मला पत्ता लागू दिला नव्हतास. कामाच्या व्यापात जेवले बाहेर, पोट भरलंय, तू घे. अख्ख्या उत्तर लंडनचे कचऱ्याचे डबे तपासणारी तू! त्यामुळेच आपण डॉक्टरकडे गेलो. उशीर झाला होता, पण बाईंनी सांगितलं नसतं तर जे काही महिने मिळाले तेही मिळाले नसते. त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

त्यानंतरही जमेल तोवर तू टॅक्सी करून गुरुवारी गेलीस. मग तेही थांबलं. बाई केनच्या हाती थर्मास पाठवायच्या, त्यात तांदळाची पातळ पेज, आल्याचे बारीक काप घातलेली. तू म्हणायचीस, अगदी आपल्या पेजेसारखी आहे. शेवटी शेवटी मी चमचा घेऊन बसायचो आणि म्हणायचो, एक घास, माझ्यासाठी. तुझीच युक्ती तुझ्यावर. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "नको रे. आता नाही." रागावून नाही, नेहमीच्या आवाजात. मी चमचा खाली ठेवला.

परवा काय करू, तेवढं सांग. केन म्हणतो त्यात तथ्य आहे. खोटं बोललो तर बाई तुझी वाट बघत का होईना, जेवत राहतील. खरं बोललो आणि त्यांनी बशा झाकल्या तर पुन्हा ते वजन, पुन्हा सोशल वर्कर, आणि या वेळी थर्मास घेऊन धावणारं कोणी नाही. तुझं आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम मी एका वाक्यात मोडीन. एवढी मोठी रिस्क मी कशाच्या जोरावर घ्यायची? तुझ्या त्या "येईल नं"च्या?

*

गुरुवार, संध्याकाळ.

जाऊन आलो.

केनही आला होता. त्यानं दारातच मला डोळ्यांनी बजावलं. बाईंनी माझ्या मागे जिन्याकडे बघितलं आणि विचारलं, "शुभा इंडिया?"

येताना गाडीत मी "हो"ची प्रॅक्टिस केली होती, खरंच सांगतो. पण बाई समोर उभ्या होत्या आणि मला ती पावडर आठवली, आणि तू माझ्याकडे जसं बघितलं होतंस ते. मी म्हटलं, "नो. शुभा डाइड."

केन "मॅक!" म्हणून ओरडला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाई खुर्चीवर बसल्या. मग केनला काहीतरी विचारलं. तो वळेना. त्यांनी पुन्हा विचारलं, दुकानदारिणीच्या आवाजात.

"ती विचारतेय," केन म्हणाला, "शेवटी काय खाल्लं तिनं?"

"तुमची पेज," मी म्हटलं. "दोन चमचे. नंतर काही नाही."

केननं सांगितलं. बाईंनी मान हलवली. मग रडल्या. आवाज नाही, ॲप्रन तोंडाशी धरून. मीही रडलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा कोणासमोर रडलो, शुभा, आणि तेही अशा बाईसमोर, जिच्याशी मला धड दहा शब्द बोलता येत नाहीत.

मग त्या उठल्या, गॅसवरचं सूप तीन बोलमध्ये ओतलं आणि टेबलावर ठेवलं. मी चमचा उचलला. खरंच प्रयत्न केला. घशाखाली जाईना. खाली ठेवला आणि म्हटलं, "सॉरी. आय कान्ट." केननं तर सूपला हातही लावला नव्हता. चमचा ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलो. पाहुण्यानं हात आखडला होता. केननं माझ्याकडे असं बघितलं की मला मान वर करवेना.

बाईंनी माझ्या बोलकडे बघितलं. मग केनच्या. आग्रह केला नाही. मला वाटलं, आता बशा आणायला उठतील. त्यांनी आपला बोल जवळ ओढला आणि जेवायला लागल्या.

केन हळूच खुर्चीत बसला. म्हणाला, "माझ्या उभ्या आयुष्यात ममनं कधी पाहुण्याआधी सुरुवात केलेली नाही."

अर्ध्यावर आल्यावर बाईंच्याच ते लक्षात आलं. त्या एकदम थांबल्या, ओशाळल्या, तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटल्या. मी केनकडे बघितलं.

"सॉरी म्हणतेय," तो म्हणाला. "म्हणतेय, भूक लागलीये."

आणि पुन्हा जेवायला लागल्या. आम्ही दोन बाप्ये समोर हातावर हात ठेवून बसलेलो, आणि बाई एकट्या, पोटभर, हाडाला लागलेलं मांससुद्धा दातांनी सोडवून.

तू बरोबर होतीस. मी चुकीचा, तू बरोबर. परत येताना गाडीत मी नुसता हसत होतो आणि मनात जुळवत होतो, की हे तुला कसं सांगायचं, एकदम सांगायचं की आधी थोडं छळायचं. सिग्नल सुटला, एजवेअरला वळलो, आपल्या घराची खिडकी दिसली, त्यात दिवा नव्हता, तेव्हा आठवलं.